एका रस्त्याचं अंतर

‘आज सकाळी पुन्हा माझा डावा हात माझा नव्हता,’ गोगो म्हणाली होती, आणि मी पटकन म्हणाले होते, ‘उंदरांनी पळवला असेल. इतकी वर्षं तुम्ही त्यांना खाल्लंत, एखादा दिवस त्यांचाही.’ ती खो खो हसली. मीही हसले. ऑक्टोबरची दुपार होती. लुसाकातल्या चिलेंजे वस्तीतलं तिचं मागचं अंगण भाजून निघत होतं आणि मी आंब्याच्या सावलीत बसून खोक्यांवर नावं लिहीत होते: स्वयंपाकघर, मापालोचे कपडे, कागदपत्रं. दुसऱ्या दिवशी आमचं सामान न्यायला टेम्पो येणार होता. गोगो, म्हणजे आजी, आमची घरमालकीण, स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. सोलत होती म्हणजे, आता आठवतं, उजव्या हातानं शेंग दगडावर ठेचत होती आणि दाणेही उजव्याच हातानं निवडत होती. डावा हात मांडीवर होता, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा. हे मी तेव्हाच पाहिलं. पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. मी सगळं बघत असते, मला घरचे हसतात ते त्यासाठीच. ‘तू गेलीस की मी इथं मरून पडेन,’ ती पुढं म्हणाली, ‘आणि शेजारच्यांना वाटेल, म्हातारी झोपलीय.’ मी खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाले, ‘गोगो, तू मेलीस तर आम्ही बेम्बा तीन दिवस नाचू.’ ‘माकडं नाचणारच,’ ती म्हणाली. विषय संपला.

असं बोलणं आमच्यात वाईट समजत नाहीत. उलट न बोलणं वाईट. मी बेम्बा, ती न्गोनी. आमच्या आणि त्यांच्या खापरपणजोबांनी भाले घेऊन एकमेकांना मारलं, आणि पुढं कधीतरी ठरलं की आता भाले ठेवायचे आणि जिभा चालवायच्या. तेव्हापासून न्गोनी माणूस भेटला की आम्ही त्याला उंदीरखाऊ म्हणायचं, त्यानं आम्हाला माकडखाऊ, आणि कुणी कुणाचा राग धरायचा नाही. बँकेच्या खिडकीवर, दवाखान्याच्या रांगेत, लग्नात, कुठंही. मयताच्या घरी तर जास्तच. सगळे रडत असताना थट्टेच्या नात्यातलं माणूस येतं, गेलेल्याच्या चपला पायात घालून त्याच्यासारखं चालून दाखवतं, आणि विधवासुद्धा हसते. हे नातं मला लहानपणापासून आवडायचं, कारण त्यात मला भीती वाटायची नाही. बाकी सगळ्या नात्यांत वाटते. पण त्यात एक अडचण आहे, ती मला एकोणतिसाव्या वर्षी कळली. थट्टेच्या माणसाला ‘मी घाबरलोय’ असं सांगायची सोय नसते. सांगायचंच झालं तर थट्टेच्याच सुरात सांगावं लागतं. मग ऐकणाऱ्याला ठरवता येतं, आपण काय ऐकलं ते. मी ठरवलं.

नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, मापालो जेवत होती. अडीच वर्षांची आहे. तिनं चमचा डाव्या हातात धरला, उचलला आणि सोडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग उजव्या हातानं स्वतःचंच डावं मनगट पकडून तो हात टेबलावर ठेवला आणि त्याला एक चापट मारली. ‘वाईट हात,’ ती म्हणाली, न्यांजा भाषेत. आम्ही घरी बेम्बा बोलतो. मग खुर्चीवरून उतरली आणि डावा पाय फरशीवरून ओढत स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि आली. मी विचारलं, ‘काय खेळतेस गं?’ ‘गोगो-गोगो,’ ती म्हणाली. न्यांजा गोगोची भाषा. माझ्या हातातली थाळी पडली वगैरे नाही. मी ती नीट बेसिनमध्ये ठेवली, हात पुसले. हा खेळ मी तीन महिने बघत होते. मला वाटत होतं, मुलीच्या हातात काहीतरी कमी आहे. रात्र-रात्र मनात तेच. जानेवारीत मी तिला डॉक्टरांकडेही नेलं होतं, त्यांनी तिला चेंडू धरायला लावला, हातोडीनं कोपर ठोकलं आणि म्हणाले, ‘हात उत्तम आहे. मुलं नक्कल करतात. घरात कुणाला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय का?’ मी म्हणाले, ‘नाही हो, घरात कुणाला नाही.’ आणि इतक्या हलक्या मनानं बाहेर आले की मापालोला आइस्क्रीम घेऊन दिलं. नक्कल कुणाची, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. माझ्या मुलीचा हात उत्तम होता.

रविवारी मी गोगोला फोन लावला. बंद. सोमवारी बंद. तिचा फोन जुना, बटणांचा. तो कधी बंद नसायचा, कारण डर्बनला असलेला तिचा एकुलता मुलगा वर्षातून दोनदा फोन करी आणि कुठल्या दिवशी करील याचा नेम नव्हता. वीज गेली की ती बाजारात जाऊन फोन चार्ज करून आणायची, पण बंद ठेवायची नाही. आज नववा दिवस. ती बरी आहे, आडवी पडली आहे, की नाहीच, मला माहीत नाही. यातलं काहीही खरं असू शकतं, आणि नऊ दिवस मी ते असंच राहू दिलं आहे.

आम्ही लुसाकात आलो ते मागच्या जुलैत. त्याआधी किट्वे. माझ्या नवऱ्याची, कांग्वाची, बदली झाली तेव्हा तो म्हणाला होता, तीन महिने कुठंतरी राहू आणि शांतपणे वस्ती निवडू. कुठंतरी म्हणजे गोगो जेरेच्या घरामागच्या दोन खोल्या. पुढच्या तीन खोल्यांत ती एकटी. पहिल्याच दिवशी तिनं मला बेम्बा म्हणून ओळखलं आणि ओरडली, ‘देवा, राजघराण्याच्या अंगणात माकडं आली!’ जेरे म्हणजे त्यांच्याकडचं राजाचं कूळ, हे ती दिवसातून तीनदा ऐकवायची. मापालोला ती पाठीला बांधून घ्यायची आणि मी वही घेऊन शहरात फिरायची. वस्ती निवडणं मला जमेल असं वाटत होतं. मी भूगोलात पदवी घेतली आहे. वहीत रकाने होते: पाणी किती तास, वीज कधी जाते, दवाखाना किती मिनिटांवर, गटार उघडं की झाकलेलं, पावसात पाणी साचल्याची खूण भिंतीवर किती उंचीवर. काब्वाता, लिबाला, चेलस्टन, मातेरो. प्रत्येक ठिकाणी मी चार वाजता जाऊन एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसायची आणि शाळेतून येणाऱ्या मुलांकडं बघायची: कुणाला खोकला आहे, कुणाच्या पायावर फोड आहेत, कुणाबरोबर मोठं माणूस आहे. घरी आले की गोगो विचारायची, ‘काय, पोलीसबाई, आज किती गुन्हेगार सापडले? घर शोधतेस की खुनी?’ मी तिला वही वाचून दाखवायची. ती ऐकायची, आणि मापालोला पाठीवर हलवत म्हणायची, ‘आणि पोरीला ताप आला तर तिथं कुणाच्या पाठीवर देशील? त्याचा रकाना कुठाय?’ मी म्हणायची, ‘उंदीर खाणाऱ्यांना वाचता येत नाही, तुला काय दाखवू.’ तो रकाना मी आखला नाही. चिलेंजेचं पानही वहीत होतं. पाणी सहा तास, दवाखाना बारा मिनिटं, गटार उघडं. सप्टेंबरच्या शेवटी पलीकडच्या गल्लीत एका घरी कॉलराचा संशय म्हणून गाडी आली, पांढरे बूट घातलेली माणसं उतरली, आणि मी त्या पानावर तिरकी रेघ मारली. संशय खोटा निघाला. रेघ तशीच राहिली. ती मला हवीच होती, हे आज कळतंय.

कारण मला भिंत हवी होती. आयबेक्स हिलवरच्या या आवारात अठ्ठावीस घरं आहेत, सगळी एकसारखी, भोवती भिंत, भिंतीवर तारा, एकच दार आणि दाराशी पहारेकरी. पाणी चोवीस तास, कारण खाली बोअर आहे. पहिल्या आठवड्यात मी मापालोला हिरवळीवर सोडलं आणि पंधरा मिनिटं तिच्याकडं न बघता बसले. आई झाल्यापासून पहिल्यांदा. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. इथं मला कुणी मापालोची आई म्हणत नाही. आमच्याकडं बाई पहिल्या मुलानंतर नावानं उरत नाही, अमक्याची आई होते. चिलेंजेत टोमॅटोवालीसुद्धा मला त्याच नावानं हाक मारायची. इथं मी सतरा नंबर. पहारेकऱ्यासाठी सतरा नंबर मॅडम, इतरांसाठी न्कांडू, हे माझं शाळेतलं नाव, जे मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. नऊ नंबरच्या नामाकाऊनं आणि एकवीस नंबरच्या मुटिंटानं पहिल्याच भेटीत विचारलं, ‘याआधी कुठं होतात?’ मी म्हणाले, ‘वुडलँड्सला. नातेवाइकांकडं.’ हे म्हणायचं मी आधी ठरवलं नव्हतं. चिलेंजे आणि वुडलँड्स यांच्यामध्ये एक डांबरी रस्ता आहे. अलीकडं दोन खोल्यांची जुनी घरं, पलीकडं बागा आणि कुत्रे. मापालो झोपत नसली की गोगो तिला त्या रस्त्यापर्यंत नेऊन पलीकडची झाडं दाखवायची. तेवढ्या अंतराचं मी खोटं बोलले. फार नाही, वीस पावलं. ‘अरे वा,’ मुटिंटा म्हणाली, ‘वुडलँड्स छान आहे,’ आणि माझ्याकडं बघण्याची तिची तऱ्हा किंचित बदलली, खुर्ची जवळ ओढल्यासारखी.

गोगो आली ती डिसेंबरात, शनिवारी दुपारी. नामाकाऊ आणि मुटिंटा माझ्याकडं चहाला आल्या होत्या. भिंतीवरचा फोन वाजला. पहारेकरी म्हणाला, ‘सतरा नंबर मॅडम, एक आजीबाई आल्यात. म्हणतात, मापालोची आई इथं राहते. असं कुणी यादीत नाही, पण त्या जात नाहीत.’ मागून तिचा आवाज ऐकू आला, ‘अरे बाबा, माकडं ठेवलीत ते पिंजरे कुठायत ते सांग, मी शोधते!’ आणि पहारेकरी फोनवर असूनही हसला. मला थट्टेची लाज नव्हती. नामाकाऊ लोझी, मुटिंटा टोंगा, त्याही चहा पिता पिता एकमेकींना गाईचोर आणि मासेखाऊ म्हणत होत्या. गोगो आत आली असती तर तिनं पाच मिनिटांत दोघींना लोळवलं असतं. पण ती सहाव्या मिनिटाला म्हणाली असती, ‘माझ्या मागच्या खोल्यांत राहायची ही, चिलेंजेला, आमच्या मोरीत अंघोळ करायची.’ मी अगदी सभ्य आवाजात म्हणाले, ‘सांगा, मॅडम घरी नाहीत.’ फोन ठेवला. ‘कोण होतं?’ नामाकाऊनं विचारलं. ‘जुनी कामवाली,’ मी म्हणाले. मग बिस्किटं आणते म्हणून वर गेले. वर बिस्किटं नसतात. खोलीच्या खिडकीतून दार दिसतं. गोगो पहारेकऱ्याच्या दगडावर उन्हात बसली होती, पायांत प्लास्टिकच्या चपला, कमरेला चर्चच्या बायकांचं ते निळं चितेंगे, जे ती फक्त इस्टरला नेसायची. बाजूला टोपलं. उठताना तिनं टोपलं उचललं ते एकाच हातानं, गुडघ्यावर टेकवून, मग काखेत. डोक्यावर घेतलं नाही. साठ वर्षं डोक्यावर टोपलं घेऊन चाललेली बाई. डावा हात चालताना हलत नव्हता. मी मनात म्हणाले, दमली असेल, दोन बसगाड्या बदलून आली. पडदा सोडला. खाली जाऊन म्हणाले, ‘बिस्किटं संपलीत गं.’

संध्याकाळी पहारेकऱ्यानं टोपलं आणून दिलं: भोपळ्याचा कोवळा पाला आणि सोललेले शेंगदाणे, निदान दोन किलो. ‘निरोप ठेवलाय,’ तो म्हणाला, आणि सांगताना त्याला पुन्हा हसू आलं. ‘म्हणाल्या, त्या माकडिणीला सांग, राजाच्या कुळातली माणसं दोनदा येत नाहीत. माझ्या मयताला ये म्हणावं, तिथं बघते तुला.’ मीही हसले. त्याच्यासमोर हसावंच लागलं. दोन किलो दाणे एका हातानं सोलायला किती दिवस लागतात, याचा हिशेब मी आता करते, तेव्हा केला नाही. पाला चिरला, दाण्याचं कूट घातलं, रात्री मक्याच्या न्शिमाबरोबर आम्ही तो खाल्ला. कांग्वा म्हणाला, ‘हे गोगोच्या हातचं कूट वाटतं.’ मी म्हणाले, ‘बाजारातलं आहे.’ मापालो मात्र वाटी चाटत राहिली आणि तिनं दाराकडं बघितलं. गोगोला फोन करून काहीतरी चावरं बोलावं, मग सगळं सुरळीत होईल, असं मी रोज ठरवत होते. पण चावरं बोलायला मन स्वच्छ लागतं. मला एकही शिवी सुचेना. ख्रिसमसला तिचा फोन आला होता, तेव्हा मी मापालोला अंघोळ घालत होते, म्हणजे घालून झाली होती, पण उचलला नाही.

कांग्वा सध्या कामासाठी किट्वेला गेला आहे, गाडी घेऊन. गेल्या गुरुवारी मी त्याला सगळं सांगितलं. टोपलंसुद्धा. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मग जा ना.’ ‘मापालोला घेऊन? तिकडं पुन्हा कॉलराच्या पाट्या लागल्यात म्हणे.’ ‘तिला नामाकाऊकडं ठेव.’ ‘ती विचारेल कुठं जातेस.’ ‘न्कांडू,’ तो म्हणाला, ‘न जाण्याचीसुद्धा वही केलीस का?’ मी फोन ठेवला. मला त्याचा राग आला, आणि राग आल्याचं बरं वाटलं. तेवढा वेळ दुसरं काही वाटलं नाही.

काल, सोमवारी, मी गेले. नामाकाऊला म्हणाले, दातांच्या डॉक्टरकडं जाते. चिलेंजेच्या बाजाराशी उतरले तेव्हा अकरा वाजले होते. सगळं तसंच होतं, कोळशाची पोती, सुक्या मासळीचा वास, केस विणणाऱ्या बायका, आणि मला सारखं वाटत होतं की माझ्या बुटांकडं सगळे बघताहेत. गोगोच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. तिथून तिचा आंबा दिसतो, घर दिसत नाही. आंब्याच्या बाजूला धूर होता. जाड लाकडाचा, संथ. धुराजवळ चार-पाच पुरुष बाकावर बसलेले. मयताच्या घराबाहेर पुरुष असेच लाकूड पेटवून बसतात, मयत पुरेपर्यंत ते विझू देत नाहीत. पण चिलेंजेत पुरुष सोंगट्यांच्या पटाभोवतीही असेच बसतात. आणि कुणी वाळलेला पालापाचोळाही जाळतं. आणि आंबा कुंपणाला लागून आहे, त्यामुळे धूर तिच्या अंगणातला की शेजारच्या, हे तिथून सांगता येत नाही. मी कान दिला. बायकांचा रडण्याचा आवाज येतो का. कुठंतरी रेडिओ चालू होता. चाळीस पावलं पुढं गेले असते तर कळलं असतं. मी मनात तालीम केली. मयत असेल तर मला काय करायला हवं, ते मला माहीत आहे: थट्टेच्या नात्यातली बाई म्हणून मला ओरडत आत जायचं आहे, ‘कुठाय ती उंदीरखाऊ, फुकट मेली, ऊठ आता!’ तिच्या चपला पायात घालायच्या आहेत, तिच्यासारखं चालून दाखवायचं आहे. आणि तिच्यासारखं चालायचं म्हणजे आता डावा पाय ओढत चालायचं. ते माझी मुलगी मला रोज शिकवते आहे. तिथंच माझी तालीम थांबली. कोपऱ्यावर टोमॅटोचे ढीग लावून एक बाई बसली होती, नवी, मला न ओळखणारी. तिनं हात डोळ्यांवर धरून माझ्याकडं बघितलं. ‘कुणाकडं आलात, ताई?’ मी म्हणाले, ‘वाट चुकले. मला वुडलँड्सला जायचंय.’ ‘मग उलट्या अंगाला आलात की,’ ती हसून म्हणाली. ‘तो रस्ता ओलांडा. पलीकडं सगळं वुडलँड्सच.’ आणि ती बघत होती म्हणून मी खरोखरच तो रस्ता ओलांडला. पलीकडं, बागांच्या बाजूला, एका भिंतीच्या सावलीत थांबून मी पुन्हा फोन लावला. बंद.

आज हे लिहिते आहे. मापालो हिरवळीवर खेळते आहे, पाय ओढत. उद्या जाईन असं लिहिणार होते, पण कालचं लिहून झाल्यावर ते वाक्य मला लिहवत नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणी लुसाकात असेल, तर त्याला माझं सांगणं आहे. चिलेंजेच्या बाजाराशी उतरा. दुसरी गल्ली, हिरव्या पत्र्याचं फाटक, आत आंबा. फाटक वाजवू नका, ते उघडंच असतं. दोनदा ‘ओडी’ म्हणून हाक द्या आणि थांबा. उठायला तिला वेळ लागत असेल. उत्तर आलं नाही तरी माझ्यासारखे परत फिरू नका, सरळ आत जा, खोलीत, मोरीत, सगळीकडं बघा. आणि ती सापडली, भिंतीला धरून उभी असली किंवा अंथरुणातून नुसते डोळे वळवत असली, तर तिला सांगा, माकडिणीनं पाठवलंय. ती शिव्या देईल. जीभ जड झाली असेल तर नीट कळणार नाहीत. कळत नाहीत म्हणून तिला थांबवू नका. एकही गाळू नका. जशाच्या तशा मला आणून द्या.